सीनरी आडवी असते

डोंबिवली,
रविवार सकाळ

प्रिय ताई,

'प्रिय' लिहिलंय ते केवळ सवयीने. तू समोर असतीस तर आज मी तुझ्याशी बोललोच नसतो, ताट सरकवून उठून गेलो असतो. पण सात महिन्यांपूर्वी तूच उठून गेलीस, त्यामुळे आता रुसायचं तरी कुणासमोर? तेव्हापासून जो भेटतो तो सांगतो, "पिंट्या, रडून घे, मोकळा हो." रडायचं राहू दे. मला भांडायचंय.

गेल्या रविवारी कळव्याची खोली रिकामी करायला गेलो होतो. बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत, महिनाअखेर जागा सोडायची आहे. भांडी, आईचा देव्हारा, तुझ्या सुती साड्या, सगळं बांधून झालं आणि शेवटी लोखंडी खाटेखालून तुझं ते काळं फोल्डर निघालं. आत तुझी पेन्सिलीची चित्रं. खडवलीची नदी, खडक, बाभळी, पुन्हा नदी. आणि सगळ्यांच्या मागे ट्रेसिंग पेपरात गुंडाळलेला कागदाचा एक मोठा तुकडा. उघडून पाहिला तर कोरा. जरासा मळकट, पण कोरा. मी तो रद्दीत टाकलासुद्धा!

मग ट्रेसिंग पेपरच्या कोपऱ्यात तुझं अक्षर दिसलं. ऑफिसात नकाशांवर काढायचीस तसं, सरळ, एका उंचीचं. "पिंट्याच्या घरच्या चित्राचं वरचं."

चार शब्द. मी तिथेच फरशीवर बसलो. अगं, अकरा वर्षं! अकरा वर्षं तो तुकडा खाटेखाली ठेवून तू त्याच खाटेवर झोपत होतीस?

त्या चित्राचं काय झालं ते मी तुला माझ्या तोंडाने कधी सांगितलं नाही. तुला सगळं माहीत होतं, तरी आता ऐक.

मानपाड्याला मी आणि मनीषाने फ्लॅट घेतला, वास्तुशांत ठरली. आठवडाभर आधी तू काखेत गुंडाळी घेऊन आलीस. बाकीच्या नातेवाइकांनी भिंतीवरची घड्याळं दिली, एक नाही, तीन. आणि तू दिलंस पेन्सिलीचं चित्र. भला मोठा कागद, तोही उभा. खाली वीतभर जमीन. तिच्यावर नदीचा काठ, एक झोपडं, विजेचा एक खांब आणि दोन म्हशी. त्याच्यावर नुसता कागद. मनीषाने भाबडेपणाने विचारलं, "ताई, हे अजून पूर्ण व्हायचंय का?" तू हसलीस. "झालंय गं," म्हणालीस. आणि मला म्हणालीस, "बसून बघता येईल अशा ठिकाणी लाव हं."

एवढंच. अजून एक वाक्य बोलली असतीस तर जीभ झिजली असती का?

मी चित्र घेऊन स्टेशनजवळच्या गल्लीत फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानात देवांचे, लग्नांचे आणि गेलेल्या माणसांचे फोटो एकाच भिंतीला टेकून उभे असतात. काकांनी कागद पसरला, मान तिरकी करून पाहिलं.

"सीनरी आहे ना ही?"

"हो."

"मग सीनरी आडवी असते साहेब. उभा फोटो माणसाचा. हे वरचं सगळं कोरंच आहे, हात लागून मळलंय पण. उडवू का? सोफ्यावर मस्त बसेल."

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "उडवा." क्षणभर विचारसुद्धा केला नाही. सीनरी आडवी असते हे कुणाला माहीत नसतं? शाळेत आपण सगळ्यांनी दोन डोंगर, मधोमध सूर्य आणि खाली नदी हे आडव्या कागदावरच काढलेलं असतं. काकांनी पट्टी ठेवली, कटर ओढला. मी तेव्हा मोबाइलवर केटरिंगवाल्याला सांगत होतो की जिलेबी गरम पाहिजे.

वास्तुशांतीच्या दिवशी तू दारात आलीस. चपला काढता काढता तुझी नजर सोफ्यावरच्या भिंतीवर गेली. मला हे नीट आठवतं, कारण मी वाटच बघत होतो, तू कौतुक कधी करतेस म्हणून. एक पाय चपलेत आणि एक बाहेर, अशी तू उभी राहिलीस. मग म्हणालीस, "छान दिसतंय रे." आणि थोड्या वेळाने, "फ्रेम कुठे केलीस?"

मी खूश! दुकानाचा पत्ता दिला, वर म्हणालो, "माझं नाव सांग, नीट करून देईल." एक नंबरचा गाढव मी.

पण तू काही मुकी नव्हतीस. मेथीची जुडी आतून पिवळी निघाली तर बाजारात परत जाऊन ती भाजीवाल्याच्या टोपलीत आपटणारी बाई तू! ओला टॉवेल खाटेवर टाकला म्हणून मला पस्तिसाव्या वर्षी ओरडली होतीस, तेही मनीषाच्या माहेरच्यांसमोर. टॉवेलासाठी तोंड होतं आणि चित्रासाठी नव्हतं? त्या फ्रेमखाली सोफ्यावर बसून तू अकरा दिवाळ्यांचा फराळ खाल्लास. घरात सगळे त्या चित्राला 'ताईच्या म्हशी' म्हणायचे. पाहुणे म्हणायचे, म्हशी अगदी हुबेहूब आल्यात हो. आणि तू मान डोलवायचीस. कसं जमलं गं तुला?

बरं, तेराव्याला तुझ्या ऑफिसातल्या एक बाई आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही पिंट्या ना? तिचं चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलंत ते. सगळ्यांना सांगायची ती." मी तेव्हा मान खाली घातली, विनयाने. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तर रविवारी दुपारी तो तुकडा घरी आणला आणि रेवाला दाखवला. तुझी भाची आता मोठी झालीय, माझ्याशी बोलते ते माझी आजी असल्यासारखी. तिने ते चार शब्द वाचले आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, सीरियसली? तू कापलंस?"

"अगं, कोरं होतं ते."

"कोरं?" तिने तुकडा खिडकीशी धरला. "हे कोरंय? नीट बघ ना यार."

आम्ही फ्रेम उतरवली, मागचे खिळे उपसले, चित्र फरशीवर ठेवलं. रेवाने तुकडा वर सरकवला आणि कडेला कड लावली.

ताई, म्हशी गेल्या. म्हणजे होत्या तिथेच, पण तांदळाच्या दाण्याएवढ्या झाल्या. इतकी वर्षं त्या फ्रेमभर मालकिणीसारख्या उभ्या होत्या. विजेच्या खांबामुळे चित्र कसं भरल्यासारखं दिसतं असं मी पाहुण्यांना ऐकवायचो, तो खांब एवढासा झाला. झोपडं तर शोधावं लागलं. तू काढलेली एक रेघसुद्धा बदलली नव्हती. त्यांच्या डोक्यावर केवढं काय आहे ते फक्त आता दिसत होतं.

आणि वरचं कोरं नव्हतंच. कडक पेन्सिलीने, कागदाला जेमतेम शिवत, तू तिरक्या रेघांचा थर दिला होतास. म्हशींच्या पाठीशी कागद पांढरा होता, मग वर वर जाताना कळेल न कळेल असा करडा होत गेला होता. त्याला आम्ही हात लागून मळलेलं म्हणालो! मी अकरा वर्षं समजत होतो की हे भर दुपारचं चित्र आहे. अगं, दिवस मावळत होता त्यात. उजेड वीतभर उरला होता, तो खाली, आणि वरून अंधार यायला लागला होता. म्हशींना न्यायला कुणी आलेलं नाही. झोपड्यातून धूर निघत नाही. ते झोपडं मी रोज बघत होतो आणि धूर नाही हे मला गेल्या रविवारी दिसलं.

रेवा मांडी घालून बसली होती. म्हणाली, "आत्या एवढी एकटी होती?"

मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, अभ्यास नाही का तुला? ती उठून आत गेली. तिचा काय दोष होता? तिला दोन मिनिटांत जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं, एवढाच.

आणि खरं सांगायचं तर मला शिकवलेलं होतं. तूच शिकवलं होतंस! मी बारा वर्षांचा असताना एका रविवारी तू मला खडवलीला घेऊन गेली होतीस. ठाण्याच्या आर्किटेक्टकडे तुला ट्रेसरची नोकरी नुकतीच लागली होती. दिवसभर लोकांची घरं एकास शंभरच्या मापात ट्रेसिंग पेपरवर उतरवायचीस आणि रविवारी नदीवर येऊन चित्रं काढायचीस. तू म्हणालीस, "नकाशाच्या कोपऱ्यात माप लिहिलेलं असतं. चित्रात तशी सोय नसते. म्हणून ओळखीचं काहीतरी ठेवायचं, माणूस, झोपडं, गुरं. मग बघणाऱ्याला कळतं की बाकीचं केवढं आहे." मी विचारलं, "आणि नाहीच ठेवलं तर?" तू म्हणालीस, "तर डोंगर पण ढेकूळ वाटेल." मी हो हो केलं आणि पाण्यात चपटे दगड मारायला पळालो. ह्याचा राग आता कुणावर काढू, सांग.

चित्राच्या मागे तू तारीख घातली होतीस. फ्रेमच्या आत गेल्यामुळे ती मी कधी वाचलीच नव्हती. आई गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली आहे.

आईचं सहा वर्षं तू एकटीने केलंस. मी रविवारी सफरचंदं घेऊन यायचो, तासभर बसायचो आणि निघताना विचारायचो, "बरं चाललंय ना?" तू म्हणायचीस, "छान चाललंय." मग आई गेली. मी मानपाड्याला मोठं घर घेतलं, तू त्याच खोलीत राहिलीस, आणि 'आमच्याकडे राहायला ये' असं मी एकदाही म्हणालो नाही. म्हणालो असतो तरी तू आली नसतीस, ते मला माहीत आहे. पण म्हणालो नाही, हेही खरं.

त्या हिवाळ्यात तू ते चित्र काढलंस आणि मला दिलंस. माझ्या घराला शोभा यावी म्हणून दिलंस असं मी समजलो. तू मला सांगत होतीस! तुला जसं सांगता येतं तसं, एकदाच, सांगितलंस. आणि मी त्यातलं सांगितलेलं तेवढं कापलं आणि म्हशी ठेवल्या.

काल दोन्ही तुकडे घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलो. काका आता म्हातारे झालेत, दुकान मुलगा बघतो, ते नुसते खुर्चीत बसून असतात. तुकडा बघितल्याबरोबर म्हणाले, "अरे, हा त्या बाईंचा."

"कोणत्या बाई?"

"आलेल्या ना एकदा. बोलल्या, काल भावाकडे वास्तुशांत होती. मी कापलेले कागद पोत्यात भरून ठेवायचो तेव्हा. त्यांनी अख्खं पोतं बाहेर फुटपाथवर ओतलं. मी बोललो, ताई, नवा कागद देतो ना, एवढं काय! तर नाही, हाच पाहिजे. तासभर बसलेल्या उन्हात. असं गिऱ्हाईक विसरतो काय माणूस?" मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "भाऊ तुम्हीच काय? बोललेल्या मला, भावाला कळू देऊ नका. हौसेने केलंय त्याने."

हौसेने केलंय त्याने! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भर दुकानात काकांवर ओरडलो. "मला का नाही सांगितलंत? नंबर होता ना माझा?" ते बिचारे घाबरून उभे राहिले. ओरडायचं तुझ्यावर होतं, ते त्यांच्यावर निघालं. माझी हौस एवढी नाजूक होती का गं, की तिच्यासाठी तू अर्धी रजा टाकून कळव्याहून यावंस आणि फुटपाथवर कचरा उपसावास? आणि वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट ही. त्याच संध्याकाळी तू मला फोन केला होतास, प्रसादाचा शिरा उरलाय का विचारायला! मला तो फोन आठवतो. तुझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

घरी येऊन फोल्डरमधली सगळी चित्रं जमिनीवर मांडली. प्रत्येकाच्या मागे तुझी तारीख. मांडता मांडता एक दिसलं. वास्तुशांतीच्या आधीची बहुतेक सगळी उभी आहेत. त्यानंतरची एकूण एक आडवी. तीच नदी, तेच खडक, पण झाडं कडेपर्यंत भरलेली, म्हशी चांगल्या मोठ्या आणि वर बोटभर आभाळ. एका डोंबिवलीच्या फ्रेमवाल्याने आणि एका अडाणी भावाने सांगितलं म्हणून तू ऐकलंस? तू? भाजीवाल्याच्या टोपलीत जुडी आपटणारी तू?

त्या आडव्या चित्रांचा मला सगळ्यात जास्त राग आलाय, ताई. त्यातलं एकसुद्धा मी घरात लावणार नाही. सुंदर आहेत. कुणीही छान म्हणेल.

आणि मग पुढचं सगळं लक्षात यायला लागलं. एकदा कापलं गेलं म्हणून तू मला पुन्हा काही सांगितलंच नाहीस. पोटात दुखायला लागलं तेव्हा म्हणालीस, "पित्त आहे रे." ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा म्हणालीस, "गोड सोडलंय." आणि मी काय केलं? आवळ्याचं सरबत आणून दिलं, मोठी बाटली! हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "इतके महिने घरात कुणालाच कळलं नाही?" काय सांगायला हवं होतं मी त्यांना? की आमच्याकडे सगळं छानच असतं?

पिंट्याला सांगून उपयोग नाही, हे तू ठरवून टाकलंस. बरोबरच होतं तुझं, पुरावा खाटेखाली होता. पण ताई, माणसाला दुसऱ्यांदा सांगून बघायचं असतं गं. ओरडायचं असतं, कानाखाली वाजवायची असते, फ्रेम काढून डोक्यात घालायची असते! मला वाईट वाटू नये म्हणून तू स्वतः मूग गिळून बसलीस. आता वाटतंय ना वाईट? मग मिळवलंस काय? त्या दिवशी वाटलं असतं तर निदान तू समजूत काढायला होतीस.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरणार. प्रेम तर सगळेच करतायत तुझ्यावर, तेराव्यापासून चाललंय. कुणीतरी भांडायलाही पाहिजे.

काल मी जरा शांत झाल्यावर काकांचा मुलगा म्हणाला, "दादा, कॉम्प्युटरवर स्कॅन मारून जोड घालवून देतो. कापलेलं कुणाला कळणार पण नाही."

मी म्हटलं, "नको. कळलं पाहिजे." तो गोंधळला. म्हटलं, कागद नुसते एकाखाली एक लाव, मधली चीर दिसू दे, आणि फ्रेम उभी कर. तर तो म्हणतो काय, "सीनरी आहे ना पण?" काकाच त्याच्यावर डाफरले, "ते सांगतात तसं कर."

गुरुवारी मिळेल. सोफ्यासमोरचा टीव्ही आतल्या खोलीत हलवला. मनीषा कुरकुरली, "हॉलमध्ये टीव्ही नाही म्हणजे पाहुण्यांनी बघायचं काय?" मग स्वतःच भिंत पुसायला लागली. सोफ्यावर बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर खिळा ठोकलाय. फार उशीर झालाय हे मला माहीत आहे, बोलू नकोस. म्हणजे, बोल.

आता एक वचन देतो आणि थांबतो. फ्रेम लागली की कुणी ना कुणी विचारणारच की ही मधे चीर कसली. तेव्हा मी जुना कागद आहे, फाटला, असं काही सांगणार नाही. सांगणार की माझ्या बहिणीने मला काहीतरी सांगितलं होतं, ते मी कापलं. मनीषाच्या माहेरच्यांना सांगणार, रेवाच्या मैत्रिणींना सांगणार, गॅसवाला सिलिंडर ठेवता ठेवता थांबला तर त्यालाही सांगणार. लाज वाटेल, वाटू दे. तू अकरा वर्षं मला त्या लाजेपासून वाचवलंस, आणि मला नव्हतं वाचायचं, ताई.

तुझ्यावर अजून चिडलेला,
पिंट्या